हळू चालणारे सेल

“सेलांत दमच नाय. वरून चकचकीत, आत नुसती हवा.”

माझा भाऊ डॉमनिक हे मला सांगत नव्हता. मांडीवर उलटी धरलेल्या खेळण्यातल्या मोटारीच्या पोटाला सांगत होता. मी शेजारीच करंज्यांना मुरड घालत बसले होते, म्हणून ऐकू आलं.

“कोणाला बोलतोयस, दादा?”

“कोनाला नाय. ही सरळ जाते ती ठीक. वळली का गेली.”

गेली म्हणजे कुठेतरी आपटली. त्या सकाळी ती माडाच्या बुंध्यावर आपटली होती आणि मग शेजारच्या सेलिनच्या बोंबलांच्या टोपलीत शिरली होती. सेलिननं तिला शेपटीला, म्हणजे अँटेनाला, धरून परत आणून दिली आणि म्हणाली, “तांडेल, ही तुमची मासळी आमच्या टोपलीत कशी?” डॉमनिक हसला नाही. सेलांना शिव्या देत बसला.

हे मोटारींचं खूळ आमच्या अर्नाळ्याच्या आळीत कसं शिरलं तेही सांगून टाकते. काही वर्षांमागे चर्चच्या जत्रेत हौजी लागली आणि डॉमनिकला रिमोटवर चालणारी लाल मोटार बक्षीस मिळाली. ती त्यानं नाक मुरडत घरी आणली. आठवड्याभरात त्याच्या दोस्तानं, व्हॅलेरियननं, विरारला जाऊन स्वतःची निळी आणली. मग बाकीच्या तांडेलांना राहवेना. वाऱ्यापाण्यात बोट हाकणारी, दोर ओढून ओढून हाताला घट्टे पडलेली ही माणसं नाताळच्या दुसऱ्या दिवशी बोंबील सुकवायच्या सिमेंटच्या मैदानात जमतात आणि बोटभर काडी पुढेमागे करत मोटारी पळवतात. नाताळात आमच्या बोटी बांधलेल्याच असतात. ज्याची मोटार पहिली, त्याची बोट नव्या वर्षात पहिली सुटायची, हा नियम आळीनं आपणच करून टाकला. फादरना कोणी विचारलेलं नाही.

ह्या खेपेला मात्र आमच्या मनात शर्यत नव्हती. नव्या वर्षात डॉमनिकनं बोटीच्या सुकाणूवर उभं राहायचं की नाही, हे होतं. तो उभा राहिला असता तर त्याचा मुलगा ग्लेन आणि बरोबरचे खलाशी त्याच्या नजरेच्या भरवशावर पाण्यात जाणार होते. आणि डॉमनिकची नजर चालली होती.

मी हे इथं एका ओळीत लिहून मोकळी झाले. त्या घरात ही ओळ कोणी उच्चारलेली नव्हती. तिथं सगळा दोष वस्तूंवर जायचा. पडवीतला दिवा मंद जळतो. चष्म्याची काच घासली गेली. दाराची पायरी गवंड्यानं वाकडीच बसवली होती, ती आता कुठे, इतक्या वर्षांनी, पायाला लागायला लागली. नाताळच्या आधीच्या फेरीत त्यानं बोट दुसऱ्याच्या जाळ्यावर जवळजवळ घातलीच होती. डाव्या बाजूला जाळ्याच्या खुणेचा बोया तरंगत होता, चांगला नारिंगी. ग्लेननं मागून हात घालून सुकाणू फिरवलं आणि वर म्हणाला, “पप्पा, लाटेनं ओढली बघा.” घरी आल्यावर डॉमनिक जेवता जेवता बोलला, “हल्ली बोये फिक्या रंगाचे काढतात.” त्याच्या बायकोनं, रोझलीननं, त्याला कालवण वाढलं आणि म्हणाली, “काढतात खरे.”

आमच्या बाबाचं असंच झालं होतं. आधी दोन्ही बाजूंचं गेलं, समोरचं तेवढं राहिलं, नळकांड्यातून बघावं तसं. मग ते नळकांडंही बारीक बारीक होत गेलं. मला विरारच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला तेव्हा तो लवकर सापडला होता. गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या, आहे ते थेंबांनी राखायचं. भावंडांनाही दाखवून घ्या, असंही म्हणाल्या. मी डॉमनिकला फोन केला, “दादा, ये ना विरारला, डोळे दाखवून घेऊ.” तो म्हणाला, “आधी बोटीचं इंजिन दाखवायचंय.” मी पुढे रेटलं नाही. मी रोज थेंब घालते. भावाकडे राहायला आले की न्हाणीघराची कडी लावून घालते, त्यानं बघितलं तर त्याला काहीतरी विचारावं लागेल म्हणून.

विरारच्या मनवेलपाड्यात माझं घरीच दुरुस्तीचं काम चालतं. मिक्सर, इस्त्र्या, मुलांची खेळणी. कोणी शिकवलं नाही, बिघडवून बिघडवून शिकले. त्यामुळे डॉमनिकच्या मोटारीचं दुखणं माझ्याकडेच यायचं होतं. करंज्या भरून झाल्यावर त्यानं मोटार टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “बाय, हिला दुसरे सेल बघ.”

मोटारीबरोबर आलेला निकेलचा पॅक खरंच मरायला टेकला होता. पाच सेल एकत्र गुंडाळलेले, टोकांना पांढरी भुकटी आलेली. तसला पॅक आता बाजारात येत नाही. म्हणजे बदली काहीतरी शोधायलाच हवं होतं, आणि एवढ्यापुरतं तरी सेलांना दोष देण्यात खोटं काही नव्हतं.

“व्हॅलेरियननं लिथियम घातलाय,” डॉमनिक म्हणाला. “त्याची गाडी सुटते ती बंदुकीतून सुटल्यासारखी. मला पन तोच घाल.”

माझ्या पिशवीत लिथियमचा पॅक होता. हलका, चपटा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तो घातला असता तर मोटार वळणावर पोचायच्या आत डॉमनिकच्या नळकांड्यातून बाहेर गेली असती. मी ग्लेनकडे बघितलं. ग्लेन फोनमध्ये बघत होता.

“लिथियम नको, दादा. बोर्ड जुना आहे. त्याचा जोर सोसायचा नाही, धूर निघेल.”

बोर्डानं तो जोर आरामात सोसला असता. पण मोटारीच्या पोटातलं त्या घरात मला एकटीला कळत होतं आणि मी त्याचा फायदा घेतला.

“मग साधे सेल? दुकानातले?”

“ते पहिल्या फेरीला उड्या मारतात आणि दुसऱ्या फेरीला बसकण मारतात.”

“सेलिनच्या जावयासारखे,” रोझलीन आतून म्हणाली.

“चार्ज करायचे निकेलचे घालू,” मी म्हटलं. “जुन्यातलेच, पण सुधारलेले. जोर बेताचा, पण शेवटपर्यंत सारखा.”

“जोर बेताचा,” डॉमनिकनं ते दोन शब्द तोंडात घोळवले. त्याला ते आवडले नव्हते.

“पप्पा, वही सही है,” ग्लेन फोनमधून मान वर न काढता बोलला. “स्पीड कमी असली की कंट्रोल राहतो.”

“तू बोटीवर पन हेच करतो. पप्पा, हळू घ्या. पप्पा, जरा थांबा. तुला तांडेल करायचं का रिक्षावाला?”

ग्लेनचा अंगठा फोनवर फिरत राहिला. त्याचं अवघड होतं. आम्ही कोणीही ती ओळ बोललो असतो तर ती नुसती ओळ राहिली असती. तो बोलला असता तर, पोरगा बापाच्या हातातलं सुकाणू काढून घ्यायला बघतो, असं आळीनं म्हटलं असतं. आळीचं सोडा, त्याला स्वतःलाच ते तसं वाटलं असतं.

संध्याकाळी करंज्या तळताना रोझलीन माझ्याजवळ सरकली. “कार्मिन, ते सेल हळूच चालतील असं बघ हां.” का, ते ती बोलली नाही. मी विचारलं नाही. कढईत तेल तापलं होतं, दोघींनाही तेवढं निमित्त पुरलं.

मग मी आणखी एक केलं. पाच सेलांच्या खोक्यात चारच सेल बसवले. पाचव्या जागी सेलाच्या मापाचा लाकडाचा तुकडा, त्याला तांब्याची तार गुंडाळून. वीज तारेतून जाते, जोर मात्र एका सेलाचा कमी. वरून काळी टेप मारली. माझं काम नेहमीच नीटनेटकं असतं, पण इतक्या प्रेमानं मी कधी काही बिघडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत मोटार सोडली. ती निघाली संथ, पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या बोटीला पाण्यात ढकलावं तशी. माडापर्यंत गेली. डॉमनिक मान न हलवता तिच्याकडे टक लावून होता. माडाशी ती वळली, आणि तिच्या वळण्याबरोबर त्याला डोकं वळवायला वेळ मिळाला. ती सापडली. ती परत आली आणि त्याच्या पायाशी थांबली.

“बघितलंत?” तो म्हणाला. “मी काय सांगत होतो? सेलांचाच दोष होता.”

“सेलांचाच,” मी म्हटलं.

“पक्का,” ग्लेन म्हणाला.

रोझलीन गॅस बघायला म्हणून आत गेली. गॅसवर काही नव्हतं. डॉमनिक दुपारपर्यंत मोटार सोडत राहिला. जेवायला बोलावलं तर म्हणाला, “थांब, एक फेरी.” इतका खूश मी त्याला कितीतरी दिवसांत बघितला नव्हता, आणि तो खूश व्हायला लागला की मला बघवेना. मी त्याच दिवशी मनवेलपाड्याला परतले. माझ्यापुरतं मी काम फत्ते केलं होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्नाळ्याला गेले. मैदानातले बोंबील एका बाजूच्या वलांड्यांवर घेतले होते, तरी वास होताच. वलांडी म्हणजे बोंबील टांगायचे आडवे बांबू. त्यांच्या सावल्या सिमेंटवर पट्ट्यापट्ट्यांनी पडल्या होत्या. कोणी केक वाटत होतं, कोणी वाईन. मैदानाला समुद्राकडे थोडा उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून. उताराच्या टोकाला बर्फाचं रिकामं पिंप ठेवलेलं. पिंपाला वळसा घालून चढ चढून परत यायचं, एवढीच शर्यत. बाकीच्या मोटारी होऊन गेल्या होत्या. शेवटची जोडी डॉमनिक आणि व्हॅलेरियन. ती नेहमी शेवटीच ठेवतात, लोक पांगत नाहीत.

“व्हॅलेरियन, तुझा तो लिथियम संभाळ,” डॉमनिक म्हणाला. “समुद्रात जायचा.”

“तू तुझी म्हातारी संभाळ,” व्हॅलेरियन म्हणाला. त्याच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती.

दोन्ही मोटारी सुटल्या. म्हणजे सुटल्या असं म्हणायचं. डॉमनिकची लाल मोटार उतारावरसुद्धा पाय ओढत चालली होती. मला कळेना. चार सेलांवर ती याहून बरी चालत होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि नवल म्हणजे व्हॅलेरियनची बंदुकीची गोळीही तिच्या मागे मागेच.

“काय रे, चर्चात मिस्साला चालल्यात का दोघी?” सेलिन ओरडली. ती व्हॅलेरियनचीच बायको, तिला अधिकार होता. “कम्युनियनच्या रांगेत पन लोक याहून लवकर पुढं जातात.”

मैदान हसलं. डॉमनिकही हसला, नजर न हलवता. मोटार पिंपाला वळली, चढाला लागली आणि थांबली. त्यानं काडी पुढे दाबली. चाकं घुं घुं करून गप्प झाली. मोटार थोडी मागे घसरली आणि पिंपाच्या सावलीत तिरकी उभी राहिली. निळी तिच्यामागे येऊन थांबली. ती चढवता आली असती, व्हॅलेरियननं चढवली नाही.

“बघतो काय झालं ते,” म्हणून डॉमनिक निघाला.

तो उतार उतरून सरळ गेला. मोटार त्याच्या उजव्या हाताला होती, चांगली लाल, सगळ्या मैदानाला दिसत होती. तो तिच्या बाजूनं पुढे गेला. पिंपापाशी थांबला. खाली वाकून बघितलं, मग पिंपाच्या पलीकडे बघितलं. हसणं एकेका तोंडातून कमी होत गेलं. कोणी म्हणालं नाही की, तांडेल, मागे, उजवीकडे. सेलिनसुद्धा नाही. मग ग्लेन काही न बोलता गेला आणि मोटारीपाशी जाऊन उभा राहिला. सिमेंटवर चप्पल जरा घासली. डॉमनिक त्या आवाजाकडे वळला, मुलाकडे चालत आला, आणि मोटार त्याच्या पायाशी सापडली.

त्यानं ती उचलली. उचलताच त्याचा चेहरा बदलला. जन्मभर जाळी उचललेला माणूस, वजन त्याला हाताला कळतं. तो तिथंच सिमेंटवर फतकल मारून बसला आणि खिशातला पेचकस काढला. मी धावले. “दादा, मी बघते, सेल उतरले असतील.”

“बस,” तो म्हणाला. मी बसले.

झाकण निघालं. चाकांच्या मधे, टेपनं चिकटवलेल्या, शिशाच्या गोळ्या होत्या. जाळं खाली बसावं म्हणून त्याच्या काठाला लावतात त्या. त्यानं एकेक सोडवून तळहातावर घेतली. डोळ्यांनी नाही, बोटांनी.

“हे शिसं कोनाचं?”

रोझलीन मागे येऊन उभी होती. “माझं,” ती म्हणाली. “जाळ्याचं उरलं होतं. मला वाटलं, जरा जड झाली का पळायची नाय.”

त्यानं मान हलवली. सेलांचं खोकं काढलं. टेप उलगडली. पाचवा सेल बोटाला लागला तसा थांबला, त्याला नखानं टोकरलं.

“हे लाकूड?”

“माझं, दादा.”

“बोर्ड जळला असता म्हनतेस?”

“नसता जळला.”

तो ग्लेनकडे वळला. काही विचारलं नाही, नुसता वळला. ग्लेनचा हात डॉमनिकशेजारी पडलेल्या रिमोटकडे गेला आणि तसाच मधे थांबला. “खाली बटन आहे, पप्पा. स्पीडचं. काल रात्री मी अर्ध्यावर केलं.”

आम्ही तिघांनी एकाच घरात, एकाच मोटारीत, एकमेकांच्या नकळत हे केलं होतं. एकाला दुसऱ्याशी बोलायचं तर आधी ती ओळ बोलावी लागली असती. ती टाळून जो तो आपापल्या परीनं मोटार हळू करत गेला आणि तिघांची माया मिळून ती बिचारी जागची हलेना.

“माझ्या गाडीत गेल्या वर्षीचेच सेल हायेत,” व्हॅलेरियन म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

“तू तर लिथियम सांगत होता.”

“सांगत होतो.”

डॉमनिक तळहातावरचं शिसं वर खाली करत राहिला. लोक दूरच उभे होते. कोणीतरी पोरांना केक द्यायच्या निमित्तानं पलीकडे नेलं. रोझलीन त्याच्या शेजारी खाली बसली, साडी सिमेंटवर मळेल याचा विचार न करता, नाताळची नवी साडी.

“मिळून तरी करायचं होतं,” तो म्हणाला. “एकानं केलं असतं तर गाडी चढली असती.”

“हो,” रोझलीन म्हणाली.

“सगळ्या आळीला म्हाईत हाय?”

सेलिननं पदर तोंडाला लावला होता.

“मला वाटलं, मी एकटाच लपवतोय,” तो म्हणाला. “रोज सकाळी उठून कुठं काय ठेवलंय ते पाठ करतो. स्टूल कुठं, पायरी कुठं. तुमाला कळू नये म्हनून. बाबाचं झालं तेवा आपली आय जेवायची बंद झाली होती, ते मी बघितलंय.”

रोझलीननं त्याच्या हातातलं शिसं काढून घेतलं आणि आपल्या ओटीत टाकलं. ग्लेन उभाच होता. वडलांच्या समोर उभं राहावं की बाजूला, हे त्याला ठरवता येत नव्हतं. बाजूला उभा राहिला तर तो त्यांना दिसणार नव्हता. शेवटी तो समोर येऊन उकिडवा बसला.

“पप्पा,” तो म्हणाला, आणि पुढे त्याला काही येईना. तो प्रयत्न करत होता.

डॉमनिकनं हात पुढे केला. मुलाच्या खांद्याचा अंदाज घेतला, जरासा चुकला, मग सापडला.

“राहू दे. तू नको बोलूस, तुझ्या तोंडून ते बरं नाय,” तो म्हणाला. “नव्या वर्षाला बोट तूच काढ. मला दिसत नाय.”